इंग्लिश मेलमध्ये ‘व्हिच’च्या आधी कॉमा द्यायचा की नाही? ऑफिसात वाद पेटलाय

वाशीची_डॉक्युमेंटेशनवाली

नमस्कार मंडळी. मी वाशीत फ्रेट फॉरवर्डिंगच्या ऑफिसात डॉक्युमेंटेशन बघते, न्हावा शेवाला उतरणारा माल, सीएफएस (बंदराबाहेरचं कंटेनरचं गोदाम), डिलिव्हरी ऑर्डर वगैरे नेहमीचंच. मध्यंतरी ८० ड्रमची एक इम्पोर्ट शिपमेंट आली, त्यातले ६ ड्रम गळत होते बाकी सगळे ठणठणीत. आमच्या नवीन मुलाने शिपरला (माल पाठवणाऱ्याला) मेल टाकला, "द ड्रम्स, व्हिच वेअर लीकिंग, हॅव बीन सेग्रिगेटेड ॲट द सीएफएस." झालं! तिकडून लगेच फोन की ८० च्या ८० गळतायत का, इन्शुरन्सला कळवायचं का, सर्व्हेयर (नुकसान तपासणारा) कधी येणार, नुसता गोंधळ.

आता मॅनेजर म्हणतात दोन्ही कॉमा काढ, अकाउंट्सच्या मॅडम म्हणतात कॉमा राहू दे फक्त व्हिचचं दॅट कर, आणि मुलगा म्हणतो मी आधी कॉमा दिलाच नव्हता, वर्डने व्हिचखाली निळी रेघ मारली म्हणून घातला. शाळेत ‘जॉइन द सेंटेन्सेस’मध्ये हू व्हिच दॅट लावून वाक्यं जोडायचो तेवढंच आठवतंय, कॉमाचं कोणी बोललं नव्हतं. नक्की बरोबर कोण?

नौपाडा_क्लासवाले_सर

ताई, तुमचे मॅनेजर बरोबर आहेत.

कॉमाच्या आतला भाग म्हणजे ‘जाता जाता सांगतो’ टाइप माहिती. तो उचलून फेकला तरी वाक्याला काही होत नाही. मग तुमच्या मुलाच्या वाक्यातून तो फेकून बघा, काय उरलं? "द ड्रम्स हॅव बीन सेग्रिगेटेड." म्हणजे सगळेच ड्रम बाजूला काढले, आणि जाता जाता, ते गळत होते. शिपरने अगदी बरोबर वाचलंय हो, त्याला कशाला नावं ठेवायची. कॉमा काढले की मग ‘व्हिच वेअर लीकिंग’ हा भाग कोणते ड्रम ते सांगायला लागतो, जे गळत होते तेवढेच.

क्लासमध्ये मी नेहमी भावाचं उदाहरण देतो. "माय ब्रदर हू लिव्ज इन ऐरोली" बिनकॉमाचं लिहिलं तर भाऊ एकापेक्षा जास्त आहेत आणि त्यातला ऐरोलीचा, असा अर्थ निघतो. "माय ब्रदर, हू लिव्ज इन ऐरोली," असं लिहिलं तर भाऊ एकच, राहतो ऐरोलीला. नुसत्या कॉमावरून घरात माणसं किती ते कळतं. विशेषनामाला बहुतेक कॉमा लागतोच कारण ठाणे एकच आहे, कोणतं ठाणे हा प्रश्नच येत नाही. आणि कॉमा जोडीने येतात, एक उघडला की दुसरा बंद करा (वाक्य तिथेच संपत असेल तर फुलस्टॉप आहेच), पोरं पहिला देतात आणि दुसरा खातात.

अकाउंट्सच्या मॅडमना सांगा, जाता जाता वाल्या माहितीला दॅट चालत नाही. "द ड्रम्स, दॅट वेअर लीकिंग," हे कुठल्याच इंग्लिशमध्ये बरोबर नाही.

ऐरोली_टेक्रायटर

सरांशी सहमत. दॅट-व्हिचचं थोडं माझ्याकडून, कारण माझं पोटच त्यावर चालतं.

कॉमा नसेल तिथे दॅटच पाहिजे हा नियम म्हणून खूप जण सांगतात, पण तो मुळात एक सल्ला होता. १९२६ साली फाउलर नावाच्या इंग्रज व्याकरणवाल्याने सुचवलं की ‘कोणते’ सांगायला दॅट आणि जास्तीच्या माहितीला व्हिच ठेवलं तर बरं पडेल, आणि त्यानेच पुढे कबूल केलंय की चांगले लेखक काही असं पाळत नाहीत. अमेरिकन एडिटर लोकांनी मात्र तो डोक्यावर घेतला. गंमत म्हणजे १९४१ मध्ये पर्ल हार्बरनंतर रूझवेल्टनी भाषण केलं त्यात "अ डेट व्हिच विल लिव्ह इन इन्फमी" आहे, बिनकॉमाचं व्हिच, अमेरिकेच्या प्रेसिडेंटच्या तोंडून. ब्रिटिश इंग्लिशमध्ये आजही दोन्ही चालतं. मी स्वतः दॅटच वापरतो, अमेरिकन क्लायंट कटकट करत नाहीत आणि ब्रिटिशांना फरक पडत नाही.

वर्डची निळी रेघ याच भानगडीतून येते. बिनकॉमाचं व्हिच दिसलं की ते म्हणतं कॉमा दे नाहीतर दॅट कर. ड्रम किती गळतायत ते वर्डला कुठून कळणार, ते तुमच्या मुलाला माहीत होतं, त्याने दॅट निवडायला पाहिजे होतं.

पण माझ्या मते कॉमापेक्षा जास्त घोळ जागेचा असतो. व्हिच हे बहुतेक वेळा शेजारच्या नामाला चिकटतं. "प्लीज फाइंड अटॅच्ड द इन्व्हॉइस ऑफ द कन्साइनमेंट व्हिच वॉज रिव्हाइज्ड यस्टर्डे." काय रिव्हाइज झालं, इन्व्हॉइस की कन्साइनमेंट? लिहिणाऱ्याला माहीत असतं म्हणून त्याला ते दिसतच नाही. सरळ "द रिव्हाइज्ड इन्व्हॉइस" लिहा, क्लॉजची (जोडलेल्या उपवाक्याची) गरजच संपली. तसंच "द ड्रायव्हर डिड नॉट शो फॉर्म थर्टीन ॲट द गेट, व्हिच कॉझ्ड अ डिले." यात उशीर कशाने, फॉर्मने की गेटने की न दाखवण्याने? इथे व्हिच अख्ख्या वाक्याला लागतंय, कॉमा आहे म्हणून समजून घेता येतं, पण क्लेमच्या मेलमध्ये असलं नको. "बिकॉज द ड्रायव्हर डिड नॉट शो…" असं कारण पुढे घ्या.

कळवा_खाडीपलीकडे

कॉमावरून कोट्यवधींचं भांडण झालेलं आहे राव. कॅनडात रॉजर्स आणि अलायंट या कंपन्यांचा विजेच्या खांबांचा करार होता, त्यातल्या एका कॉमावरून २००६ मध्ये रॉजर्सच्या विरोधात निकाल गेला. म्हणून म्हणतो शिपरचं चुकलं नाही.

ऐरोली_टेक्रायटर

@कळवा हो पण तिथे रिलेटिव्ह क्लॉज (हू-व्हिच-दॅटने जोडलेलं उपवाक्य) नव्हता, करार मुदतीआधी रद्द करता येतो की नाही हा वाद होता. आणि २००७ मध्ये कराराची फ्रेंच प्रत बघून तो निकाल फिरवला, ते कोणी सांगत नाही 😄

कोपरखैरणे_११

सगळ्यांनी कॉमा धरून ठेवलाय पण आपल्याकडच्या मेल्समधली खरी मजा वेगळीच आहे. "द डॉक्युमेंट व्हिच आय हॅड सेंट इट यस्टर्डे." हे ‘इट’ कुठून आलं? किंवा "द ड्रम्स व्हिच वेअर लीकिंग, दे आर केप्ट असाइड." ते आलं मराठीतून. आपण म्हणतो ‘जे ड्रम गळत होते ते बाजूला काढले’, जे आलं की पाठोपाठ ते येतंच, नाही आलं तर वाक्य लंगडं वाटतं. इंग्लिशमध्ये व्हिच एकटंच दोघांचं काम करतं, वर इट किंवा दे घातलं की कर्ता नाहीतर कर्म डबल होतं. माझ्या टीममध्ये मी सांगून ठेवलंय, व्हिच किंवा हू लिहिलं की पुढचं इट, दे, ही शोधा आणि उडवा.

आणि एक, बोलताना आपण तरी जो-तो कुठे एवढं वापरतो? ‘जो कंटेनर काल आला तो’ असं कोण म्हणतं, ‘काल आलेला कंटेनर’ म्हणतो की नाही. इंग्लिशमध्येही तसंच करा. "द कंटेनर व्हिच वॉज रिसीव्ह्ड यस्टर्डे" मधलं ‘व्हिच वॉज’ खोडलं तरी "द कंटेनर रिसीव्ह्ड यस्टर्डे" एकदम व्यवस्थित उभं राहतं. ‘गळणारे ड्रम’ म्हणजे "द लीकिंग ड्रम्स", ना व्हिच ना दॅट ना कॉमा. ऑफिसच्या मेलमधले निम्मे क्लॉज असे जातील असा माझा अंदाज.

वाशीची_डॉक्युमेंटेशनवाली

सगळ्यांना खूप धन्यवाद, मॅनेजरना आत्ताच वाचून दाखवलं, खुशीत आहेत. मग आता शिपरला असा मेल टाकू का, "द लीकिंग ड्रम्स हॅव बीन सेग्रिगेटेड ॲट द सीएफएस"? आणि पुढच्याच वाक्यात सर्व्हेयरचं आहे, "द सर्व्हेयर हूम वी अपॉइंटेड विल व्हिजिट ऑन मंडे", हूम की हू?

नौपाडा_क्लासवाले_सर

‘द लीकिंग ड्रम्स’वर पण एकदा दचकलेला माणूस परत विचारेल किती ते. आकडा हाताशी असताना क्लॉजवर कशाला विसंबायचं? "सिक्स ऑफ द एटी ड्रम्स वेअर लीकिंग. दीज सिक्स हॅव बीन सेग्रिगेटेड. द अदर सेव्हंटी फोर आर साउंड." तीन छोटी वाक्यं करा. एकाच वाक्यात सगळं कोंबलं की हुशार दिसतं हे आपल्याला शाळेतल्या त्या जोडाजोडीने शिकवलंय.

हूम बरोबरच आहे कारण नेमणारे तुम्ही, तो कर्म. पण ते गाळून "द सर्व्हेयर वी अपॉइंटेड" लिहिलं तर जास्त सहज वाटतं आणि चूक व्हायची भीतीही नाही. मात्र "द सर्व्हेयर हूम यू सेड वुड कम" लिहू नका, तिथे येणारा तोच आहे, त्यामुळे हू. ‘यू सेड’ मध्ये घुसलं की भले भले हूम लिहितात.

कोपरखैरणे_११

सर, सर्व्हेयर एकच नेमलाय ना, मग सरांच्याच नियमाने कॉमा नको का? 😜

नौपाडा_क्लासवाले_सर

नको. शिपरला तो सर्व्हेयर अजून माहीत नाही, इन्शुरन्सवाल्यांचा वेगळा येऊ शकतो, त्यामुळे ‘आम्ही नेमलेला’ हीच त्याची ओळख. आधीच्या मेलमध्ये त्याचं नाव दिलं असतं तर नावापुढे कॉमा देऊन हू लिहायचं. वाचणाऱ्याला काय ठाऊक आहे त्यावर ठरतं ते.