मदत हवी आहे : झेब्राफिशच्या ७२ तासांच्या पिल्लांत दृष्टिपटलाचे थर दिसत नाहीत

काचपट्टी: झेब्राफिश या प्रयोगशाळेतल्या छोट्या माशात अंडं फळल्यापासून ७२ तासांत दृष्टिपटलाचे तिन्ही पेशीथर वेगळे दिसायला हवेत. आमच्या कापांत पेशीथरांमधल्या जाळीदार पट्ट्यांपैकी (जिथे पेशी एकमेकींना जोडल्या जातात) आतला अंधूक दिसतो, बाहेरचा नाहीच. इनक्युबेटर २५ अंशांवर, पीटीयू (काळा रंग येऊ न देणारं रसायन) ०.००३ टक्के, फिक्स करायला, म्हणजे ऊती आहे तशी टिकवायला, पीएफए ४ टक्के रात्रभर, मग सुक्रोज, ओसीटी (गोठवून ठोकळा करायचा लेप), १२ मायक्रॉनचे काप. बऱ्याच कापांतून भिंग निसटतं. कुठे चुकतंय?

खवले: तापमानात. ते ७२ तास २८.५ अंशांचे असतात. खरं वय = घड्याळाचे तास × (०.०५५ × तापमान − ०.५७). २५ अंशांना गुणक ०.८०५ येतो, म्हणजे तुमची पिल्लं जेमतेम ५८ तासांची आहेत. त्या वयात बाहेरचा पट्टा नीट उमटलेलाच नसतो. फिक्स करण्याआधी पिल्लू खालून बघा: तोंड डोळ्यांच्या पुढे आलेलं असेल तरच ७२ धरा, दोन डोळ्यांच्या मध्येच असेल तर थांबा.

अजून एक. सगळा डोळा एकदम पिकत नाही. पहिल्या गँग्लिऑन पेशी (डोळ्यातून मेंदूकडे संदेश नेणाऱ्या) २८ तासांच्या आसपास खाली नाकाकडच्या बाजूला, दृष्टिदेठाजवळ (डोळा मेंदूला जोडणारा देठ) जन्मतात. तिथून लाट पंख्यासारखी वरून फिरून मागे जाते. त्यामुळे एकाच डोळ्यात एक भाग पुढे गेलेला आणि एक कच्चा दिसला तर तो बिघाड समजू नका. भिंगालगतच्या काठाला तर थर शोधूच नका, तिथे मूळपेशी पुढेही विभागतच राहतात.

पाणवेल: कापांबद्दल. ३० टक्के सुक्रोजमध्ये पिल्लू तळाला बसेपर्यंत ओसीटीत घालू नका. भिंग आजूबाजूच्या ऊतीपेक्षा कितीतरी कडक असतं. बोथट पात्याला ते अडकतं आणि दृष्टिपटल फाडत बाहेर येतं. प्रत्येक ठोकळ्याला पात्याची नवी धार वापरा. दोन्ही डोळे सारख्या आकाराचे दिसले तर काप सरळ आहे. तिरक्या कापात थर जाड होऊन एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. तुलना फक्त दृष्टिचेता (डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस) दिसणाऱ्या कापांचीच करा.

पीटीयू २४ तासांच्या आत सुरू करा, आलेला रंग त्याने जात नाही. मात्रा वाढवू नका, डोळे लहान राहतात.

काचपट्टी: २५ वरची दुसरी तुकडी अजून जिवंत आहे. टाकून द्यायची?

खवले: अजिबात नको. ७२ ÷ ०.८०५ = सुमारे ८९. तेवढे तास भरले की तोंड तपासून फिक्स करा.