विमा नसलेलं घर गेलं तर भरपाई कुणाच्या खिशातून?

हिशेबी
पूर, भूकंप, दरड, वणवा. घर गेलं आणि विमा नव्हता. सरकारने नवं घर बांधून द्यावं का? माझं उत्तर सरळ 'नाही' असं आहे.

गैरसमज नको. निवारा, जेवण, औषधं, काही महिन्यांचं भाडं हे सगळं ताबडतोब मिळालं पाहिजे आणि तेव्हा 'विमा होता का' हे कुणी विचारूही नये. पण घर ही मालमत्ता आहे. तिची किंमत वाढते तेव्हा नफा मालकाचा, मग बुडते तेव्हा तोटा सगळ्यांचा कसा?

जर्मनीत जुलै २०२१ च्या पुरानंतर केंद्र आणि राज्यांनी मिळून ३० अब्ज युरोंचा निधी उभा केला. विमा नसलेल्या घरमालकांना नुकसानीच्या ८० टक्क्यांपर्यंत मदत मिळू शकत होती. आता शेजारच्या घराचा विचार करा, जिथे वर्षानुवर्षं हप्ता भरला गेला. त्या माणसाने पुढचा हप्ता का भरावा? जेम्स ब्युकॅनन या अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये हाच पेच मांडला होता: मदत करणारा मदत केल्याशिवाय राहणार नाही हे एकदा कळलं, की घेणारा स्वतःची तयारी सोडून देतो.

नदीकाठची
असहमत. 'विमा नव्हता' या दोन शब्दांत तुम्ही तीन वेगळी माणसं कोंबली आहेत. एकाने घेतला नाही. दुसऱ्याला कुठली कंपनी द्यायलाच तयार नव्हती, किंवा हप्ता असा सांगितला की नकारच परवडला. तिसऱ्याला वाटत होतं की आपला विमा आहे.

ही तिसरी माणसं खूप असतात. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या पॉलिसीत पुराचं नुकसान धरलेलंच नसतं. त्यासाठी १९६८ पासून सरकारी योजना आहे आणि ती वेगळी घ्यावी लागते. जमीन सरकणं, दरड, भूकंप हेही बहुतेक पॉलिसींत वगळलेलं असतं. वर्षानुवर्षं हप्ते भरलेल्या माणसाला चिखलात उभं असताना कलम दाखवलं जातं. त्याला 'तू बेफिकीर होतास' असं तुम्ही म्हणणार?

खडूस
पॉलिसी वाचायला कुणी अडवलं होतं?

नदीकाठची
@खडूस, तुम्ही तुमची शेवटच्या पानापर्यंत वाचली आहे? खरं सांगा.

खडूस
पास.

माजी_सर्व्हेअर
बरीच वर्षं नुकसानीची पाहणी केली आहे, म्हणून दोन ओळी. नुसतं वाचून भागत नाही. भांडण होतं ते कारणावर. कतरिना वादळानंतर (२००५) अमेरिकेच्या किनाऱ्यावर कित्येक घरांचा फक्त जोता उरला होता. वाऱ्याने मोडलं असेल तर घराच्या पॉलिसीतून पैसे, पाण्याने मोडलं असेल तर नाही. आधी वारा की आधी पाणी? घरच उरलं नाही तर पुरावा कशात शोधणार? यावरून कोर्टात खटले चालले. मालकाने पॉलिसी पाठ केली असती तरी त्याला याचं उत्तर देता आलं नसतं.

(खडूसरावांना राग येईल, पण पॉलिसी लिहिणाऱ्यांनाही ती वाचायला लावलं पाहिजे.)

वाटसरू
या प्रश्नावर न्यूझीलंडचं उदाहरण घेतल्याशिवाय बोलणं अर्धवट राहील. तिथे हाच वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला.

२०१०-११ च्या भूकंपांनंतर क्राइस्टचर्चमधल्या काही वस्त्यांची जमीन इतकी खचली की सरकारने तो भाग 'रेड झोन' ठरवला आणि सुमारे ८,००० घरं विकत घेण्याचा प्रस्ताव दिला. ज्यांचा विमा होता त्यांना २००७ च्या सरकारी मूल्यांकनाइतकी पूर्ण रक्कम. ज्यांचा नव्हता त्यांना जमिनीच्या मूल्याच्या निम्मी आणि घराचे शून्य. रिकाम्या भूखंडांनाही तेच निम्मे. आता गंमत बघा: रिकाम्या भूखंडाचा विमा काढायची तिथे सोयच नव्हती! म्हणजे जे करणं शक्यच नव्हतं ते केलं नाही म्हणून दंड.

सरकारचं म्हणणं हिशेबींसारखंच होतं. तिथलं सरकारी भूकंप आयोगाचं संरक्षण तेव्हा खासगी घरविम्यासोबत भरलेल्या अधिभारावर चालायचं, मग ज्याने अधिभारच दिला नाही त्याला सारखं का द्यायचं? २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायद्याला धरून नाही असं ठरवलं आणि सरकारला फेरविचार करायला सांगितलं. विमा होता की नव्हता हा मुद्दा गैरलागू नाही, पण सगळा निकाल त्यावरच लावता येत नाही, असा एकूण रोख. मला त्यातलं मर्म असं वाटतं की सरकार तिथे नुसती घराची भरपाई देत नव्हतं, अख्खी वस्ती उठवत होतं. आजूबाजूचे सगळे निघून गेल्यावर मागे राहिलेल्याच्या घराला किंमत काय? ते नुकसान भूकंपाने केलेलं नाही.

हिशेबी
@वाटसरू, रिकाम्या भूखंडाचा मुद्दा मान्य. पण ज्याला विमा मिळत होता आणि ज्याने तो घेतला नाही, त्याचं काय? त्यालाही पूर्ण रक्कम दिली तर अधिभार भरणारे मूर्ख ठरतात.

जोत्यापासून
सगळे घरमालक आणि सरकार यांच्यातच खेळताय. तिसरा गडी कुठे गेला? पूररेषेत बांधकामाला परवानगी कुणी दिली? डोंगर कापून प्लॉट कुणी पाडले? त्यावर कर्ज कुणी दिलं? विमा नव्हता तर पहिला हात यांच्या खिशात जायला हवा.

ब्रिटनमध्ये २०१६ पासून 'फ्लड री' ही पुनर्विमा (म्हणजे विमा कंपन्यांचाच विमा) योजना आहे. पुराचा धोका असलेल्या घरांना परवडेल असा विमा मिळावा म्हणून सगळ्या घरविमा कंपन्यांकडून पैसे गोळा होतात. पण १ जानेवारी २००९ नंतर बांधलेली घरं त्यात बसत नाहीत. हेतू चांगला: नदीच्या पात्रात नवी घरं बांधायला उत्तेजन नको. पण घर विकून झालं की बिल्डर मोकळा. योजनेबाहेरचं घर खरेदीदाराच्या गळ्यात. शिक्षा चुकीच्या माणसाला!

डोंगरमाथा
मग सरळ सक्ती करा ना. फ्रान्समध्ये १९८२ च्या कायद्याने मालमत्तेच्या विम्यावर नैसर्गिक आपत्तीचा ठरावीक अधिभार बसतो, धोका कमी असो वा जास्त. तुर्कस्तानने १९९९ च्या भूकंपानंतर घरांसाठी भूकंप विमा सक्तीचा केला. स्पेनमध्येही अधिभारावर चालणारी सरकारी व्यवस्था आहे. नंतर भांडण्यापेक्षा आधीच सगळ्यांनी थोडं थोडं भरा.

खडूस
आयडी डोंगरमाथा आणि पूरग्रस्तांचा हप्ता भरायला तयार! कौतुक आहे. सक्तीचा विमा म्हणजे वेगळ्या नावाचा करच. शिवाय हप्ता धोक्याइतका नसला की खड्डा पडतो. अमेरिकेच्या त्या पूर योजनेचं १६ अब्ज डॉलरचं कर्ज २०१७ मध्ये तिथल्या संसदेने (काँग्रेसने) माफ केलं. शेवटी करदातेच. आणि तीच ती घरं पुन्हा पुन्हा बुडतात, पुन्हा पुन्हा पैसे घेतात.

भाडोत्री
मी भाड्याने राहते. एवढ्या चर्चेत आमच्यासारख्यांचं नाव एकदाही आलं नाही, म्हणून लिहिते.

घर पडलं की मालकाचं घर जातं, आमचं सामान, ठेव आणि राहायची जागा जाते. मग सरकार घर विकत घेतं, पैसे मालकाला. त्या निधीत माझाही कर असतो. ज्याच्याकडे घरच नाही त्याने ज्याच्याकडे आहे त्याची मालमत्ता सावरायची, आणि ती सावरल्यावर भाडंही वाढवून द्यायचं. नदीकाठची ताई, तुमच्या तीन माणसांबद्दल मला खरंच वाईट वाटतं. पण चौथं माणूस मोजा.

नदीकाठची
मोजायलाच हवं होतं. पण त्यावरचा उपाय मालकालाही काही देऊ नका हा होत नाही. निवासाच्या एकाच घराला भरपाई, तीही ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि भाडेकरूला वेगळा हक्काचा वाटा. दुसऱ्या घराला, गुंतवणुकीच्या घराला एक छदाम नाही.

हिशेबी
यावर मी अर्धा तयार आहे. माझी अट: पैसे एकदाच, आणि त्या जागेवर पुन्हा बांधायचं नाही. जागा सरकारजमा.

जोत्यापासून
किंमत कोणत्या दिवसाची? आपत्तीच्या आदल्या दिवशीची दिली तर ज्याने धोका लपवून विकलं त्याचाही भाव आपणच भरतोय. नंतरची दिली तर त्या पैशात दुसरीकडे एक खोलीही येणार नाही.

माजी_सर्व्हेअर
आदल्या दिवशीची द्या, पण कर्ज असेल तर बँकेने आधी आपल्या थकबाकीतला हिस्सा सोडावा. जागेची पाहणी करूनच कर्ज मंजूर केलं होतं ना?

खडूस
मग त्या भागात कुठलीही बँक कुणालाच कर्ज देणार नाही.

जोत्यापासून
बरं होईल की!