मदत हवी आहे: जिम्नॅस्टिक्स हॉलमध्ये लेकीचा पाचवा वाढदिवस

लेक शिकते त्याच हॉलमध्ये वाढदिवस करायचाय. जुलैतला कोल्हापूरचा पाऊस, त्यामुळे बाग बाद. घरात पंधरा पोरं मावत नाहीत. सर रविवारी दोन तास हॉल देतायत, पण मॅटवर खाणं अजिबात नाही. म्हणून आधी खेळ, मग व्हरांड्यात केक आणि भडंग. भरल्या पोटी कोलांट्या नकोतच. सगळी चार ते सहा वर्षांची, बहुतेकांनी बॅलन्स बीम (तोल सांभाळत चालायची अरुंद पट्टी) पाहिलेलाही नाही. ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच मूल, असं सरांनी बजावलंय. मलाही ते पटतं, पण बाकीची चौदा रांगेत कशी थांबणार? असा वाढदिवस कुणी केला असेल तर सांगा: गट कसे पाडले, आणि मॅटवर लक्ष ठेवायला सरांशिवाय मोठी माणसं किती लागली?