'गुटगुटीत आहे हो आमचा!'

ओसरी

परवा सकाळी बागेत एका गृहस्थांचा बीगल भेटला. चार पावलं चालायचा, मटकन बसायचा, मालक साखळी ओढायचे, पुन्हा चार पावलं. पाठ टेबलासारखी सपाट, कंबर शोधून सापडेना. मी नको तिथे तोंड उघडलं, "वजन जरा वाढलंय का हो याचं?" तर हसून म्हणाले, "गुटगुटीत आहे हो आमचा!" मी पुढे सांध्यांबद्दल काही बोलायला गेले, तेव्हा हसू मावळलं. "तुमच्या ताटातलं खातो का?" असं विचारून निघून गेले.

तेव्हापासून डोक्यात हेच आहे, म्हणून इथे मांडते. पटलं नाही तर खुशाल सोला.

कुत्र्याला बरगड्या वर येईपर्यंत उपाशी ठेवलं तर त्या माणसाला आपण क्रूर म्हणतो. त्याच कुत्र्याला चालता येईना इतकं खाऊ घातलं तर "किती जीव लावतात" म्हणतो. भांडं भरणारा हात दोन्हीकडे माणसाचाच. कुत्रा काही स्वतः उठून फ्रीज उघडत नाही. म्हणून माझ्या मते अति लठ्ठ कुत्रा म्हणजे हेळसांड, मग ती प्रेमापोटी का असेना.

आणि हा दिसण्याचा प्रश्न नाही. लॅब्राडॉरवर १४ वर्षं चाललेला एक प्रयोग आहे, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. ४८ पिल्लं, एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं, बाकी सगळं सारखं. पोटभर खाणाऱ्यांपैकी निम्मे ११.२ वर्षांपर्यंत गेले, कमी खाणाऱ्यांत तोच आकडा १३ वर्षं. जवळजवळ दोन वर्षांचा फरक आहे हा! आपला कुत्रा गेल्यावर आणखी दोन महिने मिळावेत म्हणून आपण काय वाट्टेल ते दिलं असतं.

बटवा

ज्याचं जळतं त्याला कळतं, ताई. तुमच्याकडे लॅब्राडॉर आहे का? माझ्याकडे आहे. दोनदा मोजून खातो, उरलेला दिवस भांडं चाटतो, मग भांड्याखालची फरशी चाटतो. एकदा साबणाची वडी गिळली होती.

केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅब्राडॉरमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकाचा एक तुकडा गळालेला असतो. त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. २०२४ मध्ये त्याच गटानं आणखी सांगितलं की असे कुत्रे दोन जेवणांच्या मध्ये जास्त भुकेले असतात, आणि वर विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ टक्के कमी ऊर्जा जाळतात. म्हणजे भूक जास्त आणि खर्च कमी. आता बागेत चार मिनिटं बघून "हेळसांड" म्हणायला काय जातं तुमचं?

ओसरी

@बटवा, जनुकाचं मान्य. पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला उलटा वाटतो. आपल्या कुत्र्याला पोट भरल्याचं कळतच नाही हे माहीत असेल, तर ते कळून घेण्याचं काम आपल्याकडे येतं ना? त्या १४ वर्षांच्या प्रयोगातले सगळे कुत्रे लॅब्राडॉरच होते. कमी घातलं तेव्हा तेही सडपातळ राहिले.

बटवा

प्रयोगातल्या कुत्र्यांच्या डोळ्यांत संशोधकांना रोज बघावं लागत नव्हतं. मला लागतं.

शेपूटवाला

दोघांचंही थोडं थोडं पटतंय, पण एक तिसराच आरोपी राहतोय. आमच्या कुत्रीची नसबंदी झाली. टाके कधी काढायचे, टाके चाटू नयेत म्हणून घातलेला गळ्यातला कोन किती दिवस ठेवायचा, सगळं कागदावर लिहून मिळालं. यापुढे खाणं कमी करा हे मात्र कुणी सांगितलं नाही. आम्ही पिशवीवरचा तक्ता बघून घालत राहिलो आणि वर्षभरात ती पिंप झाली. जबाबदारी मालकाची म्हणता, पण मालकाला माहिती कुणी द्यायची?

सलाईन

मी पशुवैद्य आहे, त्यामुळे मार खायची तयारी ठेवून लिहितो.

शेपूटवाला, तुमची तक्रार रास्त आहे. नसबंदीनंतर ऊर्जेची गरज साधारण २० ते ३० टक्क्यांनी उतरते आणि भूक बहुधा वाढते. हे त्याच दिवशी सांगायला हवं. पिशवीवरचा तक्ता सरासरी कुत्र्यासाठी असतो, आणि सरासरी कुत्रा कुणाच्याच घरात नसतो.

पण टेबलाच्या या बाजूनं काय दिसतं तेही ऐका. "वजन वाढलंय" म्हटलं की समोरच्याचा चेहरा पडतो. काही जण पुढच्या वेळी येतच नाहीत, दुसरा डॉक्टर बघतात. तुमच्या कुत्र्याला हृदयाचा आजार आहे हे सांगणं मला सोपं जातं, कारण त्यात कुणाची चूक नसते. वजनाचं बोललं की माणसाला वाटतं, हा माझ्या प्रेमावर शंका घेतोय. म्हणून आमच्यातलेही बरेच जण "थोडं फिरवा हं" एवढ्यावर सोडतात. ही आमची चूक.

आता फिरवण्याचंच घ्या. १० किलोचा कुत्रा एक किलोमीटर चालला की साधारण १० कॅलरी खर्च होतात. ४० कॅलरीचं एक बिस्किट फेडायला चार किलोमीटर. व्यायाम हवाच, स्नायूंसाठी, डोक्यासाठी. पण वजन उतरतं ते भांड्यातून.

आणि कपानं मोजू नका, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. कपानं मोजताना माणसं किती चुकतात हे तपासलं गेलंय. काहींच्या कपात हव्या त्यापेक्षा ८० टक्के जास्त खाणं निघालं. सगळे आपापल्या परीनं "मोजूनच" घालत होते.

तळ्यात_मळ्यात

माझ्या बाबांचं वय ८१. आई गेल्यावर आमचा कुत्रा, १२ किलोचा, त्यांच्या खोलीत झोपायला लागला. दिवसभर ते दोघंच घरी. बाबा पेपर वाचतात, एक बिस्किट स्वतःला, एक त्याला. मी कामावरून येईपर्यंत सहा-सात होतात. मला आकडे कळतात, मी काही अडाणी नाही. पण ओसरी, तुम्ही "हेळसांड" हा शब्द माझ्या बाबांसमोर उच्चारून दाखवा. त्या माणसाच्या दिवसात दुसऱ्या कुणाला काही देण्याचा तेवढाच एक क्षण उरलाय.

ओसरी

नाही उच्चारणार. तुमची पोस्ट दोनदा वाचली. बागेतल्या गृहस्थांच्या घरी कोण आहे हे मला तरी कुठे माहीत होतं.

मुखवटा

अरे पण सहानुभूती बाबांना आणि गुडघे कुत्र्याचे, हा कुठला न्याय?

कठोर वाटेल, पण हिशेब मांडतो. १२ किलोच्या कुत्र्याला निव्वळ पडून राहायला दिवसाला ४५० कॅलरी पुरतात (वजनाचा पाऊण घात गुणिले ७०, हे सूत्र डॉक्टरही वापरतात). सात बिस्किटं म्हणजे २८० धरा. खाऊ एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत असावा असा नियम आहे, इथे तो निम्म्याच्या वर गेलाय. आणि दोन्ही वेळचं जेवण वेगळंच.

न्यूझीलंडमध्ये २०२४ साली एका बाईंना याच कारणासाठी दोन महिन्यांची कैद झाली. कुत्रा ५३.७ किलोचा, गाडीपर्यंत चालताना धाप लागून थांबत होता. कायद्याला ही हेळसांड वाटते, आपल्यालाच तेवढी हळवी कारणं सुचतात.

बटवा

८१ वर्षांच्या माणसाच्या बिस्किटावरून थेट तुरुंग! धन्य आहे. बाबांच्या कुत्र्याचं वजन तुम्ही इथे बसून केलंत वाटतं? तो लठ्ठ आहे असं तरी त्यांनी कुठे लिहिलंय?

तळ्यात_मळ्यात

आहे हो. नऊ-साडेनऊ हवं असं डॉक्टर म्हणाले. लिहायचं टाळलं होतं.

सलाईन

मुखवटा, सूत्र बरोबर आहे, पण १२ किलोवर लावू नका. हव्या असलेल्या वजनावर लावा. साडेनऊ किलोला साधारण ३८० येतं. म्हणजे तुमच्या हिशेबापेक्षाही परिस्थिती वाईट आहे. :)

तळ्यात_मळ्यात, बिस्किटं बंद करू नका. देण्याचा क्षण राहू दे, फक्त देण्याची वस्तू बदला. सकाळी त्याचं दिवसाचं खाणं वजन करून घ्या आणि त्यातला तिसरा हिस्सा बाबांच्या बिस्किटांच्या डब्यात टाका. कुत्र्याला "सात वेळा मिळालं" हे कळतं, "किती ग्रॅम मिळालं" हे कळत नाही. बिस्किटच हवं असेल तर एकाचे आठ तुकडे. आठवड्याला एक टक्का उतरलं तरी उत्तम, दोनपेक्षा जास्त घाई नको. त्याआधी एकदा थायरॉईड तपासा, आणि स्टेरॉइड किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यांनीही भूक वाढते. अशी कारणं थोड्याच कुत्र्यांत सापडतात, पण सापडली तर मालकाला उगाच बोल लावलेला असतो.

पडवी

माझी बाजू कुणीच मांडत नाहीये. आमचा १३ वर्षांचा आहे. कानांनी कमी ऐकू येतं, डोळ्यांत मोतीबिंदू, मागचे पाय धरलेत. त्याच्या आयुष्यात आता आनंद म्हणजे खाणं. त्याला मी गाजर-काकडीवर ठेवायचं? कशासाठी, आणखी तीन महिने भुकेलं जगायला? आकडे तुमच्याकडे ठेवा. खाऊ दे त्याला.

शेपूटवाला

पडवी, +१. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीतही आपण शेवटी हेच म्हणतो.

सलाईन

शेवटचा आजार असेल, दिवस मोजायचे असतील, तर मी स्वतः सांगतो की हवं ते द्या.

पण "मागचे पाय धरलेत" हे वाक्य मला सोडवत नाहीये. सांध्यांचा त्रास असलेल्या लठ्ठ कुत्र्यांवर झालेल्या एका अभ्यासात वजन सहा टक्क्यांनी उतरल्यावरच लंगडणं कमी झालेलं दिसलं. तुमचा ३८ किलोचा असेल तर हे सव्वादोन किलो झाले. पूर्ण सडपातळ व्हायची गरज नाही. ओसरींनी सांगितलेल्या प्रयोगातही सांधेदुखीचं औषध निम्म्या कुत्र्यांना केव्हापर्यंत लागलं पाहा: भरपूर खाणाऱ्यांना १०.३ वर्षांच्या आसपास, कमी खाणाऱ्यांना १३.३. खाणं हा त्याचा आनंद आहे, मान्य. दारापर्यंत उठून येणं हाही होता ना?

पडवी

होता. गेल्या वर्षापर्यंत यायचा.

(याच्यावर भांडणार नाही आता. विचार करते.)

अर्धवट_ज्ञानी

लठ्ठ कुत्र्यांना माणसांसारखाच डायबेटिस होतो, त्याबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?

सलाईन

कारण तसं नाहीये. :) तो प्रकार मांजरांमध्ये दिसतो. कुत्र्यांचा मधुमेह बहुतेक वेळा इन्सुलिन तयारच न झाल्यानं होतो. लठ्ठ कुत्र्यांचं भय वेगळं: सांधे, श्वास, उन्हाचा त्रास, भूल देताना वाढणारा धोका, स्वादुपिंडाची सूज. चपट्या नाकाच्या जातींना तर आधीच श्वास पुरत नाही, त्यात गळ्याभोवती चरबी.

ओसरी

लठ्ठ की बारीक, आपला कुत्रा नेमका कशात बसतो हे विचारणारे दोन निरोप आले, म्हणून इथेच लिहिते. आपला एक हात सपाट धरून त्या हाताच्या पाठीवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा, खालची हाडं जशी लागतात तशा बरगड्या लागल्या पाहिजेत. मूठ वळून गाठींवरून फिरवल्यासारखं लागलं तर बारीक. तळव्याकडून बोटं चाचपल्यासारखं लागलं तर जास्त. केसाळ कुत्र्याला नुसतं बघून काहीही कळत नाही, हातच लावावा लागतो. डॉक्टर १ ते ९ असे गुण देतात, ४-५ चांगले, त्यापुढचा प्रत्येक गुण म्हणजे साधारण १० ते १५ टक्के जादा वजन. माझ्या स्वतःच्या कुत्र्याला मी मनातल्या मनात ५ दिले होते. परवा डॉक्टरांनी ६ दिले.

बटवा

हा हा हा! ताई, तुमच्या ताटातलं खातो का तो?

ओसरी

माझ्या नाही. मुलाच्या. टेबलाखालून. आठ महिने चालू होतं म्हणे.

मुखवटा

म्हणजे तुमच्याच व्याख्येनं हेळसांड?

ओसरी

शब्द मागे घेत नाही. पण बागेत कुणाला असं विचारणार नाही आता. घरात विचारते आहे.

बटवा

मीही एक कबुली देऊन टाकतो. डॉक्टर म्हणाले तसं काल काट्यावर मोजलं. माझा "एक कप" १४० ग्रॅमचा निघाला, हवा होता १००. जनुक आहेच, पण चाळीस ग्रॅम माझे.

तळ्यात_मळ्यात

पाच आठवड्यांनी लिहिते आहे, धागा वर आणल्याबद्दल माफी.

डब्यात खाणं टाकायची युक्ती दोन दिवस चालली. तिसऱ्या दिवशी बाबांनी ओळखलं, "मला फसवतेस का?" म्हणून माझ्याशी बोलेनात. मग कुत्र्याला आणि त्यांना दोघांनाही घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी बाबांचा हात धरून त्याच्या बरगड्यांवर ठेवला. बाबा बराच वेळ चाचपत राहिले, म्हणाले, "सापडत नाहीत हो."

आता दर रविवारी वजन तेच करतात. आधी स्वतः काट्यावर उभे राहतात, मग त्याला कडेवर घेऊन. वयाकडे बघून मी शेजारी थांबते. वहीत दोन रकाने आखलेत. ४०० ग्रॅम उतरलेत. पेपर वाचताना अजूनही सात वेळा हात डब्यात जातो, पण आता निघतात ते त्याच्याच खाण्याचे दाणे, एका वेळी दोन. रविवारी मात्र वजन झाल्यावर एक अख्खं बिस्किट दोघांत अर्धं अर्धं. ते वहीत लिहीत नाहीत.