मदत हवी आहे : जुन्या रिसीव्हरच्या फोनो प्रीअँपची डावी बाजू क्षीण

माझ्या १९७० च्या दशकातील स्टिरिओ रिसीव्हरवर (ज्यातील फोनो प्रीअँप हा भाग टर्नटेबलचा क्षीण सिग्नल वाढवतो) तबकडी लावली की डाव्या बाजूचा आवाज क्षीण येतो आणि त्यात खरखर असते. फोनो प्रीअँप टाळून जाणाऱ्या ऑक्स इनपुटवर मात्र दोन्ही बाजू निर्दोष आहेत. टर्नटेबलच्या डाव्या-उजव्या पिनांची अदलाबदल करूनही दोष डावीकडेच राहिला, म्हणजे कार्ट्रिज (तबकडी वाचणारा सुईचा भाग) निर्दोष असावे. पुरवठ्याचा व्होल्टेज दोन्हीकडे समान असून डावीकडील पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर तो उजवीपेक्षा बराच अधिक भरतो. परंतु त्या बाजूचे दोन्ही ट्रान्झिस्टर थेट जोडलेले आहेत आणि दुसऱ्याच्या एमिटरवरून पहिल्याच्या बेसला डीसी फीडबॅक मिळतो (कलेक्टर, एमिटर, बेस ही ट्रान्झिस्टरची तीन टोके), म्हणजे एकाचा व्होल्टेज बिघडला की दुसऱ्याचाही बिघडतो, त्यामुळे मूळ दोष कोणाचा हे ठरवता येत नाही. इनपुटचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळत (म्हणजे डीसी प्रवाह जाऊ देत) असल्यास असे होईल का, की आधी ट्रान्झिस्टर बदलावा? (आरआयएए इक्वलायझेशनच्या, म्हणजे तबकडीच्या आवाजातील मंद्र-तार स्वरांचा समतोल साधणाऱ्या, भागांना मी मुद्दाम हात लावलेला नाही.)