सीमेवरील यंत्रणा आणि लेखापरीक्षण

सीमेवर कॅमेरे, सेन्सर अशी टेहळणी यंत्रणा बसवली जाते; तिच्या खर्चाची तपासणी केली तर गुपिते बाहेर पडतील, असे काहींचे मत आहे. ते मला पटत नाही. नागपुरात लेखापरीक्षणाच्या कामात माझी अनेक वर्षे गेली. एका खात्याच्या फाइलमध्ये कॅमेरे बसवल्याचा दाखला होता, त्यावर सही-शिक्का होता, बिलाची पूर्ण रक्कमही अदा झाली होती; मात्र देखभालीच्या नोंदवहीची पाने कोरी होती. सीमेवर हीच गोष्ट जवानांच्या जिवावर बेतेल.

अमेरिकेने मेक्सिकोलगतच्या ॲरिझोना सीमेवरील एसबीआयनेट या कॅमेरे-रडारच्या टेहळणी प्रकल्पावर सुमारे १ अब्ज डॉलर खर्च केले आणि जेमतेम ५३ मैलांचे काम झाल्यावर २०११ मध्ये तो गुंडाळला. तेथील लेखापरीक्षण संस्था त्यातील त्रुटी आधीपासून दाखवत होती. आपल्याकडे सप्टेंबर २०१८ मध्ये जम्मूत साडेपाच-साडेपाच किलोमीटरच्या दोन पट्ट्यांत, तर मार्च २०१९ मध्ये आसाममधील बांगलादेश सीमेलगतच्या धुब्रीत ब्रह्मपुत्रेच्या ६१ किलोमीटरच्या सीमापट्ट्यात अशी यंत्रणा सुरू झाली. पुरात पात्र बदलणाऱ्या त्या नदीवर यंत्रे किती दिवस बंद राहिली, हे सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगने तपासावे आणि संसदेच्या लोकलेखा समितीने गृह मंत्रालयाला विचारावे. त्यासाठी सेन्सरची नेमकी जागा अहवालात छापण्याची मुळीच गरज नाही.