एकाच जातीचे मासे, दोन नद्या, वेगळी अंगलट: फरक खरा की मोजण्यातला?

डोहकर
जात एकच, नद्या दोन. एकीला जोराचा प्रवाह आणि तळाशी गोटे, दुसरी संथ आणि गाळाची. संथ पाण्यातले मासे उंच आणि पोटाळ, जोराच्या पाण्यातले सडपातळ दिसतात. दोन्हीकडचे पंचवीस-तीस नमुने १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये आहेत. व्हर्नियर कॅलिपरने बारा मापं घेतली, प्रत्येक माप प्रमाण लांबीने (मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या पराच्या मुळापर्यंतची लांबी) भागलं. पीसीएमध्ये (गट न सांगता मापांतले मुख्य फरक शोधणारी पद्धत) गट एकमेकांत बरेच घुसलेले दिसतात, सीव्हीएमध्ये (आधी गट सांगून त्यांच्यातला फरक शोधणारी पद्धत) मात्र स्वच्छ वेगळे होतात. 'प्रवाहामुळे आकार बदलला' असं लिहू का?

मोजपट्टी
नका लिहू. आधी तो भागाकार काढून टाका. मासा वाढतो तशी त्याची उंची, डोकं, डोळा एकाच गतीने वाढत नाहीत. लहान माशाचा डोळा अंगाच्या मानाने मोठाच असतो. म्हणून लांबीने भागलं तरी आकारमानाचा परिणाम मापात शिल्लक राहतो, आणि एका नदीतले मासे सरासरीने मोठे असले की तोच 'नद्यांमधला फरक' म्हणून समोर येतो.

त्याऐवजी: दुरुस्त माप = मूळ माप × (सगळ्या नमुन्यांची सरासरी प्रमाण लांबी ÷ त्या माशाची प्रमाण लांबी)^b. इथे b म्हणजे मापाचा लॉग आणि लांबीचा लॉग यांच्या रेषेचा उतार. हा उतार गटांच्या आतला, एकत्रित काढलेला हवा. सगळे मासे एका ढिगात टाकून काढलात तर गटांमधला खरा फरकही पुसला जाईल. दोन नद्यांचे उतारच वेगळे निघाले तर हे सूत्र वापरू नका; दोन्हीकडे सापडतात तेवढ्याच लांबीचे मासे घेऊन तुलना करा.

सीव्हीएचं म्हणाल तर गट वेगळे करून दाखवणं हेच त्याचं काम. नद्यांची लेबलं पिसून पुन्हा चालवा, बनावट गटही बऱ्यापैकी सुटे दिसतील. एकेक मासा बाहेर ठेवून त्याची नदी ओळखायला लावा आणि बरोबर ओळखल्याची टक्केवारी द्या. आलेखावरच्या सुंदर लंबवर्तुळांना फार किंमत देऊ नये.

पार्श्वरेषा
कॅलिपरपेक्षा फोटोवर लँडमार्क, म्हणजे प्रत्येक माशावर नेमके ओळखता येणारे बिंदू, लावणं चांगलं. सगळ्या माशांची डावी बाजू, कॅमेरा ट्रायपॉडवर, सेन्सर माशाला समांतर. रुंद कोनाची लेन्स नको, कडेचं डोकं आणि शेपूट ताणली जातात. मोजपट्टी टेबलावर ठेवायची नाही, माशाच्या मध्यरेषेच्या उंचीवर उचलून धरायची; नाहीतर जाड माशाचं माप फुगतं.

१२ ते १५ बिंदू पुरतात: मुस्कटाचं टोक, डोळ्याचा मध्य, डोक्यावरचे खवले जिथे सुरू होतात ती जागा, पाठपराची सुरुवात आणि शेवट, शेपटीच्या देठाची वरची-खालची टोकं, गुदपराची सुरुवात-शेवट, पोटपराचं आणि छातीपराचं मूळ, कल्ल्याच्या झाकणाची मागची कड. १५ बिंदूंचे, प्रत्येकी एक आडवा आणि एक उभा असे, ३० आकडे होतात. प्रोक्रस्टीझ जुळवणीत (सगळ्या माशांचे बिंदू सरकवून, फिरवून, एका मापाचे करून एकमेकांवर बसवणं) जागा, फिरवणी आणि आकारमान जाऊन २६ उरतात. २५ माशांवर २६ चलं, म्हणजे वर सीव्हीएबद्दल सांगितलं ते इथे दुप्पट लागू.

बिंदू एकाच माणसाने लावावेत, फाइलींचा क्रम पिसून. आधी एक नदी आणि मग दुसरी असं केलं तर हात बसत जातो, तो फरक नदीच्या नावावर जमा होतो. काही मासे पुन्हा मोजा, म्हणजे चूक किती ते कळेल.

गाभोळी
'पोटाळ' शब्दावर अडखळले. अंड्यांनी भरलेली मादी आणि पोटभर खाल्लेला मासा दोन्ही पोटाळच दिसतात. पोट फाडून लिंग आणि जननग्रंथींची अवस्था नोंदवा, नर-मादी वेगळे तपासा. दोन नद्यांतले नमुने वेगवेगळ्या हंगामातले असतील तर पोटाचे बिंदू सोडून विश्लेषण करा.

डोहकर
हंगाम एकच आहे. पण बरेच मासे फॉर्मॅलिनमध्ये धनुष्यासारखे वाकलेत. टाकून देऊ?

पार्श्वरेषा
वर-खाली वाकलेले वाचवता येतात. माशाच्या पार्श्वरेषेवर (कुशीवरून डोक्याकडून शेपटीकडे जाणारी रेषा) दोन-तीन जादा बिंदू लावा आणि टीपीएसयूटिल या संगणक प्रोग्रॅममधली वाक काढण्याची सोय वापरा, नंतर ते जादा बिंदू गाळा. बाजूला पिळलेले किंवा तोंड उघडं राहिलेले मात्र टाकाच. पुढच्या खेपेला मासे ताठ होण्याआधी सपाट ट्रेमध्ये, पर पिनांनी उघडून फॉर्मॅलिन द्या. ताजे आणि टिकवलेले नमुने एकाच विश्लेषणात मिसळू नका.

मोजपट्टी
आता 'प्रवाहामुळे' या शब्दाकडे. एक वेगवान नदी विरुद्ध एक संथ नदी म्हणजे मासे कितीही असले तरी नमुना एक-एकचाच. त्या दोन नद्यांत तापमान, अन्न, शिकारी मासे असं सगळंच वेगळं असणार. क्रूशियन कार्प हा मासा पाइक या शिकारी माशाच्या सहवासात उंच अंगाचा होतो, कारण उंच मासा पाइकच्या जबड्यात मावत नाही; हे १९९२ साली प्रयोगाने दाखवलं गेलं. तुमच्या संथ नदीत मोठे शिकारी मासे असतील तर तेही कारण असू शकतं. शिवाय वेगवान पाणी म्हणजे सडपातळ अंग, हा नियमही सरसकट नाही. २००१ च्या एका प्रयोगात जोराच्या प्रवाहात वाढवलेली ब्राउन ट्राउटची पिल्लं सडपातळ झाली, अटलांटिक सॅल्मनची उलट भरदार.

निदान तीन वेगवान आणि तीन संथ नद्या घ्या, किंवा प्रत्येक नदीतला डोह आणि खळाळ वेगळे धरा. फरक आनुवंशिक की परिस्थितीने घडलेला, हे फोटोवरून ठरत नाही. त्यासाठी दोन्हीकडची पिल्लं सारख्या टाक्यांत, सारख्या अन्नावर वाढवावी लागतात, आणि आईच्या स्थितीचा पिल्लांवरचा प्रभाव वगळायचा तर दुसऱ्या पिढीपर्यंत. तोवर 'दोन ठिकाणच्या माशांचा आकार वेगळा आढळला' एवढंच लिहा.